उत्तनला जाऊन आलेले मामा

आमच्या मामांनी उभ्या आयुष्यात कुठल्याही रांगेचं शेवटचं टोक पाहिलं नसेल. रांग दिसली की ते तिच्या कडेकडेने पुढे जात, खिडकीतून आत डोकावत आणि मागे वळून आम्हाला हाताने खूण करत, थांबा, आपला माणूस आहे इथे. आपला माणूस बहुतेक वेळा जेवायला गेलेला असे. मग मामा बाकड्यावर बसून त्याची वाट पाहत, शिपायाला त्याचं गाव विचारत, चहा मागवत. तोवर रांग संपून जाई, लोक आपापली कामं उरकून घरी पोहोचत, आणि आपला माणूस रुमालाला हात पुसत येऊन म्हणे, "अरे मामा, खिडकी बंद झाली की! उद्या या ना, करून टाकू." मामा खूश होऊन परतत. उद्याचं काम पक्कं झालेलं असे.

बारावी झाल्यावर मी संगमेश्वरजवळच्या आमच्या गावातून मामांकडे राहायला आले, तेव्हा ऐंशीचं दशक संपत आलं होतं. भाईंदर पूर्वेला, इंद्रलोक वसाहतीच्या अलीकडे, तळमजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. स्वयंपाकघराला मागचं दार, दारामागे हातभर मोकळी जागा, मग कंपाउंडची भिंत आणि भिंतीपलीकडे मिठागरं. मामा स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. कारखान्यातले, बिल्डिंगमधले, रिक्षावाले, सगळे त्यांना मामाच म्हणत. खरी भाची मी एकटीच, पण त्याचा मला काही विशेष फायदा झाला नाही.

त्या काळात भाईंदरला पाण्याची जी काही दशा होती, ती ज्यांनी भोगली त्यांना सांगायला नको. नळ नावापुरता. सगळा भरवसा टँकरवर. टँकरवालाही अर्थातच मामांचा माणूस. त्यामुळे आमच्या बिल्डिंगला टँकर मिळायचा खरा, पण सगळ्यांच्या वेळा सांभाळून झाल्यावर आमची वेळ लागायची, ती भर दुपारची. पुरुष कामावर, बऱ्याच बायकाही कामावर, मी कॉलेजात. हमखास घरी असायची ती मामी. "मामींना सांगून ठेवलंय, त्या भरतील," असं मामा वरच्या शहाबेनपासून समोरच्या तिवारींपर्यंत सगळ्यांना परस्पर सांगून मोकळे झालेले असत. मामी पदर खोचून त्या सगळ्यांच्या बादल्या भरून ठेवायची. संध्याकाळी तिवारी दारातून हाक मारायचे, "मामाजी, आपकी वजह से पानी मिल गया!" मामा हात हलवून म्हणायचे, "अरे, अपना आदमी है." मामी आत कमरेला बाम चोळत असायची.

ओळखीने मिळालेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, हा मामांचा कायदा होता. आमच्याकडे एक मिक्सर होता. त्याचं झाकण बसत नसे. चटणी वाटताना एकीने बटण धरायचं आणि दुसरीने झाकणावर भार देऊन उभं राहायचं. दुकानात बदलून आणा, असं मी एकदा म्हटलं, तर मामा असे बघायला लागले की मी जणू देवाचा टाक मोडीत घालायला सांगितलाय. "अगं, त्याने आपल्यासाठी स्पेशल काढून ठेवला होता. आता परत नेला तर त्याला काय वाटेल?" बाहेरच्या माणसाकडून दुरुस्तही करायचा नाही, कारण तेही त्याच्या कानावर जाणार. सोफा-कम-बेड होता तो उघडायचा, पण मिटायचा नाही. तोही ओळखीतलाच. आम्ही सगळे त्याला वळसा घालून चालायचो आणि पाहुणे त्यावर झोपायचे.

पाहुण्यांना तोटा नव्हताच. मामा जसे जगाकडे आपला माणूस शोधत, तसं जगही मामांना आपला माणूस समजून त्यांच्या दारी येई. गावाहून कुणी इंटरव्ह्यूला, कुणी हॉस्पिटलला, कुणी मुलगी दाखवायला, कुणी नुसतंच मुंबई बघायला. मामांच्या तोंडून "नाही" हा शब्द मी ऐकलेला नाही. "या ना, घर आपलंच आहे," एवढं ते म्हणत आणि पंचा घेऊन आंघोळीला जात. पुढचं सगळं मामीकडे. ती चिडायची नाही, भांडायची नाही. भाकरी थापता थापता एवढंच म्हणायची, "ओळखी तुमच्या आणि भाकऱ्या माझ्या." मामा हसायचे. त्यांना तो विनोद वाटायचा.

मामा-मामींना मूलबाळ नव्हतं. त्यामुळे मामीला काम ते काय, असं नात्यातल्या बायका तिच्या तोंडावर बोलायच्या, आणि तिच्याच हातचं जेवायच्या. तिच्या पोटात दुखतं हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. एका दुपारी टँकरच्या पाइपजवळच ती मटकन खाली बसली, तेव्हा कळलं. पिशवी काढावी लागली. ऑपरेशन नीट झालं. टाके काढल्यावर डॉक्टरीणबाईंनी मामांना समोर बसवून सांगितलं, की पाणी उचलायचं नाही, वाकायचं नाही, आणि जमलं तर हिला घरापासून लांब कुठेतरी नेऊन आणा. घरी राहिली तर ही स्वस्थ पडणार नाही. डॉक्टरीणबाई ओळखीतल्या नव्हत्या, म्हणूनच बहुधा इतकं स्पष्ट बोलल्या.

त्या संध्याकाळी मामांनी पलंगाशी बसून मामीला विचारलं, "कुठे जायचंय तुला? सांग. समुद्र, डोंगर, काय म्हणशील ते."

मामीने छताकडे पाहिलं. मग म्हणाली, "मला कुठे जायचं नाही हो. मला चार दिवस कुणाला काही द्यायला लागू नये. पाणी नको, चहा नको, ताट नको. एवढं बघा जमलं तर."

लग्नानंतर तिने नवऱ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. मामांनी तिचं पांघरूण सारखं केलं. नंतर बाहेर येऊन मला म्हणाले, "शैला, हिला चार दिवस द्यायचेच. काय वाट्टेल ते झालं तरी." त्यांचा आवाज बदलला होता. मला त्या क्षणी मामा फार आवडले होते, हे सांगून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याविषयी बरंच बोलणार आहे.

कारखान्यातल्या एका साहेबांनी त्यांना डहाणूकडचं एक ठिकाण सुचवलं होतं. चिकूच्या वाडीत खोल्या, दोन वेळचं जेवण ताटात आयतं, रीतसर भाडं भरायचं आणि राहायचं. मामीला हवं होतं ते नेमकं हेच होतं. मी मामांच्या मागे लागले. मामांनी दोन दिवस विचार केला आणि मान हलवली. "तिथे आपलं आहे कोण? उद्या काही कमी-जास्त झालं तर कुणाला सांगायचं?" आणि मग त्यांना जयंतीशेठ आठवले. जयंतीशेठचं पश्चिमेला हार्डवेअरचं दुकान होतं, मामांच्या कारखान्याशी जुना व्यवहार होता, आणि त्यांनी उत्तनला समुद्राकाठी कॉटेज बांधून ती शनिवार-रविवारी बोरिवली-अंधेरीच्या लोकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. मधल्या वारी रिकामीच असते, घेऊन जा चावी, असं ते म्हणाले. भाड्यातही सवलत. "मामा, तुमचाच घर हाय समजा ने!" हे वाक्य मामांनी घरी येऊन तीनदा म्हणून दाखवलं.

संक्रांत होऊन गेली होती. निघायच्या आधी मामीने शेंगदाण्याचे लाडू केले, चकल्या केल्या, लसणाची चटणी केली, कांदेपोहे बांधून घेतले. चार दिवस कुणाला काही द्यायचं नाही म्हणून ती दोन दिवस ओट्याशी उभी होती. जायला बस होती, रिक्षा होती, पण कारखान्याचा टेम्पो त्या दिवशी त्याच बाजूला जाणार होता आणि ड्रायव्हर मामांचा माणूस होता. सकाळी येतो म्हणाला तो दुपारी आला. मागे पत्रे भरलेले. मामी पुढे बसली, मी तिला टेकून, मामा मागे पत्र्यांवर. रेल्वेचं फाटक उघडेपर्यंत उन्हात तापत बसलो. मुर्धा, राई ही गावं मागे पडली आणि रस्त्याला खड्डे लागले. प्रत्येक खड्ड्याला मामी दोन्ही हातांनी पोट दाबून धरायची. मामा मागून ओरडून विचारत होते, "हवा लागते ना गं छान?"

कॉटेजच्या फाटकावर कुलूप होतं. चावी राखणदार पास्कूकडे आणि पास्कू कुणाच्या तरी साखरपुड्याला गेलेला. आम्ही सामानावर बसलो. चारही बाजूंना बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत घातले होते. मला आणि मामीला सुक्या मासळीचा वास नवा नव्हता, त्या वासावर आम्ही लहानाच्या मोठ्या झालो. पण वास घरात असणं निराळं आणि वासात घर असणं निराळं. उन्हं कलल्यावर पास्कू आला, चांगला स्वभावाचा माणूस, आल्या आल्या त्याने हात जोडले. "मोटार बिगरली हाय, बाय. पानी न्हाय. विहीर हाय तिकरं, जरा लांब परंल." मामीने माझ्याकडे पाहिलं. मी बादली उचलली.

आतल्या गाद्या ओलसर होत्या. स्वयंपाकघरात स्टोव्ह होता, त्याला पिन नव्हती. समुद्र होता, पण कॉटेजच्या पुढे कुणीतरी बंगला उठवला होता, त्यामुळे तो फक्त न्हाणीघराच्या झरोक्यातून दिसायचा, तोही पालथ्या बादलीवर उभं राहिलं तर. मामा बादलीवर चढले, झरोक्याला नाक लावून उभे राहिले आणि आतूनच ओरडले, "वा! काय व्ह्यू आहे! ये गं, बघायला ये!" टाके पडलेल्या बाईला ते बादलीवर चढायला सांगत होते. मग त्यांचं त्यांच्याच लक्षात आलं असावं. खाली उतरून ते उगाच भिंतीवर टिचकी मारत म्हणाले, "बांधकाम मजबूत आहे पण. मोकळंही आहे." जयंतीशेठ तिथे नव्हते, पास्कूही निघून गेला होता, तरी मामा कॉटेजची बाजू घेत होते. मी म्हटलं, "मामा, शेठना फोन करून सांगा ना, पाणी नाही म्हणून." ते म्हणाले, "असं कसं सांगायचं? त्यांनी आपल्याला घरचं म्हणून दिलीय." मामी ओलसर गादीवर कुशीवर वळून पडली होती आणि त्या रात्री निदान तिला कुणी उठवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेर गाड्यांचे हॉर्न वाजले. जयंतीशेठकडे सुरतेहून पाहुणे आले होते आणि त्यांना समुद्र बघायचा होता. दुसरं कुणी भाडेकरू असतं तर शेठनी त्यांना त्रास दिला नसता, हे मी खात्रीने सांगते. भाडेकरूला कुणी चहा करायला सांगत नाही. पण आम्ही घरचे होतो. शेठ हसत हसत आत आले, बाहेरच्या सतरंजीवर सगळ्यांना बसवलं आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, "भाभी, जरा चाय रख दो ना. सब अपने ही लोग हैं."

मामा उभे होते. एक वाक्य बोलायचं होतं, हिचं ऑपरेशन झालंय म्हणून. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. ओठ हलले, आणि मग ते म्हणाले, "हो हो, ठेवते ना ही. शैला, जरा पाणी आण गं विहिरीवरून."

पास्कूच्या घरून स्टोव्हची पिन आली आणि चहा झाला. मग मामीचे लाडू बाहेर गेले, चकल्या गेल्या. मग सुरतेच्या एका आजीबाईंना बाहेरचं चालत नसे, म्हणून गाडीतून पीठ-तेल उतरलं आणि पीठ मळणं आलं. मग त्यांच्या पुऱ्यांचा वास सुटल्यावर सगळ्यांनाच पुऱ्या हव्याशा वाटल्या. मी विहिरीच्या फेऱ्या घालत होते. मामी जमिनीवर पोळपाट घेऊन लाटत होती, एक हात लाटण्यावर आणि एक पोटावर. मामा ताटं घेऊन आतबाहेर करत होते, घामाघूम, चेहऱ्यावर हसू चिकटवून. पाहुणे चांगलेच होते, वाईट कुणी नव्हतं. जाताना त्या आजीबाईंनी मामीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शेठना म्हणाल्या, बाई फार कामाची मिळाली हो तुला.

गाड्या गेल्या. मामी तशीच पोळपाटाशी बसून होती. मामा जवळ आले, तेव्हा तिने वर न बघता विचारलं, "अहो, मी या लोकांची कोण लागते?"

रागाने विचारलं असतं तर मामांना हसण्यावारी नेता आलं असतं. ती खरोखर विचारत होती. मामा तिच्यासमोर खाली बसले. मग उठून त्यांनी गाद्या गुंडाळायला घेतल्या. "घरी जाऊ या," ते म्हणाले.

तिसऱ्या प्रहरी आम्ही उत्तनच्या नाक्यावर बसला उभे राहिलो, तेव्हा मामांना नवीनच काळजी लागली. चार दिवसांसाठी गेलेली माणसं दुसऱ्याच दिवशी परत आली, तर बिल्डिंग विचारणार, का आलात? काय सांगायचं? खरं सांगितलं तर जयंतीशेठचं नाव खराब. खोटं सांगायचं तर काय सांगायचं? बसमध्ये ते सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होते आणि रेल्वेच्या फाटकाजवळ उतरता उतरता त्यांनी तोडगा काढला. आपण आलोच नाही असं करायचं. उरलेले दिवस आत राहायचं, आवाज करायचा नाही, आणि ठरल्या दिवशी सगळ्यांना दिसेल असं बाहेर यायचं. मी हसायला लागले. मग पाहिलं तर मामा हसत नव्हते.

आमच्या नशिबाने दिवेलागणीलाच लाईट गेली होती. सगळी बिल्डिंग अंधारात. मामांनी पुढचं दार उघडून आम्हाला आत घातलं, बाहेरून पुन्हा कुलूप लावलं आणि भिंतीच्या कडेने वळसा घालून मागच्या दाराशी आले. मी आतून कडी काढली. स्वतःच्या घरात चोरासारखे शिरलेले मामा चपला हातात घेऊन उभे होते.

पुढचे दोन दिवस आम्ही पंख्याखाली जमिनीवर चटया टाकून पडून होतो. दिवा नाही, रेडिओ नाही. कुकर लावायचा नाही, कारण शिट्टी होणार. फोडणी नाही, कारण वास जाणार. जेवण म्हणजे पास्कूने निघताना दिलेली केळी, वाटेत घेतलेला पाव, आणि लसणाची चटणी, जी सुरतेच्या पाहुण्यांनी न खाल्ल्यामुळे उरली होती. आणि मामी झोपली. मी तिला तसं झोपलेलं आधी कधी पाहिलं नव्हतं, तोंड उघडं, हात डोक्यावर, पदर कुठल्या कुठे. दुपारभर झोपली, उठून केळं खाल्लं आणि परत झोपली.

मामांना मात्र स्वस्थ बसणं कसं असतं ते माहीतच नव्हतं. ते मांडी घालून बसत, उठत, कॅलेंडरशी जात, परत येत. शेवटी त्यांनी चहा करायचं ठरवलं, कोरा, कारण दूध नव्हतं. स्वयंपाकघरातून चोरपावलांनी बाहेर येऊन ते मामीच्या कानाशी कुजबुजले, "साखर कुठे ठेवतेस गं?" इतक्या वर्षांच्या संसारानंतर ते विचारत होते. मामीने पडल्या पडल्याच बोट दाखवलं. ते पुन्हा आले. "आणि चहा?" पुन्हा बोट. गाळणं, पक्कड, सगळ्यासाठी फेऱ्या झाल्या. शेवटी मामांनी कप तिच्या हातात दिला. ती एक घोट प्यायली आणि हसायला लागली, आवाज न करता, पोट धरून. "पाक झालाय हो नुसता," ती म्हणाली. "हसवू नका, टाके दुखतात." पण सगळा प्यायली.

दारावर लोक येत होते. ते ऐकणं हीच आमची करमणूक होती. तिवारी आले, कुलूप बघून गेले. सोसायटीचा सेक्रेटरी आला. गॅसच्या नंबरासाठी कुणी आलं. टँकर आला तेव्हा शहाबेन जिन्यातून ओरडल्या, "मामी तो है नहीं, अब कौन भरेगा?" मग त्यांच्या त्यांनी भरलं. बादल्यांचा आवाज आत येत होता. प्रत्येक थापेला मामी अंग आणखी सैल सोडून द्यायची. मामांचं उलटं. कडी वाजली की त्यांच्या गुडघ्यांत वीज आल्यासारखं व्हायचं आणि ते अर्धवट उठून पुन्हा बसायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जी कडी वाजली, ती वाजवणाऱ्याचा खोकला आम्ही तिघांनीही ओळखला. मामांचे चुलत भाऊ बाळूदादा गावाहून आले होते, आगाऊ न कळवता, नेहमीसारखेच. "वसंता! अरे वसंता!" त्यांनी दोनदा हाक मारली. मग पिशवी खाली ठेवल्याचा आवाज आला आणि ते दाराला पाठ टेकून बाहेरच्या पायरीवर बसले. आमच्यात आणि त्यांच्यात एक फळी होती. त्यांचा श्वास लागलेला ऐकू येत होता.

मामा उठून दाराशी गेले. बाहेर कुलूप होतं, पण मागच्या दाराने वळसा घालून जायला कितीसा वेळ लागणार होता? ते दाराशी उभे राहून मामीकडे वळले. "लांबून आलाय गं," ते कुजबुजले.

"माहीत आहे," मामी म्हणाली. मग तिने कोपरावर भार देऊन उठायला सुरुवात केली. "घ्या आत. मी उठते."

ती रुसून म्हणत नव्हती. पदर सावरून ती खरंच उठत होती, भात किती टाकायचा हे तिच्या चेहऱ्यावर दिसायलाही लागलं होतं. मामा तिच्याकडे बघत राहिले. ते दोन पावलं मागे आले, तिच्याजवळ बसले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला परत चटईवर निजवलं. "झोप तू," ते म्हणाले.

बाळूदादा खूप वेळ बसले होते. शेवटी शहाबेन खाली आल्या. "मामा तो उत्तन गये हैं, कॉटेज में, हवा खाने." "कॉटेजात?" बाळूदादा म्हणाले. "बरा हाय बुवा वसंताचा." शहाबेननी त्यांना वर नेऊन चहा पाजला आणि नालासोपाऱ्याला बाळूदादांच्या पुतण्याकडे जायची वाट सांगितली. ते जाईपर्यंत मामा हात मांडीत घेऊन बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मामी झोपली नव्हती, पण डोळे मिटून पडली होती. तिचा हात मामांच्या गुडघ्यावर होता.

ठरल्या दिवशी पहाटेच आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो आणि सकाळी सगळ्यांदेखत, सामानासकट, पुढच्या फाटकातून आत आलो. तिवारींनी विचारलं, कैसा था? मामा म्हणाले, "फर्स्ट क्लास! सामने समंदर." मामीला शहाबेननी विचारलं. मामी म्हणाली, "खूब आराम हुआ." तिचा चेहरा इतका टवटवीत दिसत होता की बिल्डिंगमधल्या दोन कुटुंबांनी मामांच्या ओळखीने तीच कॉटेज घेतली. तेही जाऊन आले. ओळखीने मिळाली असल्यामुळे त्यांनीही येऊन छान होती असंच सांगितलं.

मामा बदलले, असं सांगायला मला आवडलं असतं. ते बदलले नाहीत. बाळूदादा पुढच्याच महिन्यात येऊन आठवडाभर राहिले आणि मामांनी त्यांच्यासाठी दोनदा मटण आणलं. मामी कधीतरी भाकरी थापता थापता म्हणायची, "परत एकदा कुलूप लावा हो." मामा म्हणायचे, "लावू, लावू. हा पावसाळा जाऊ दे." पावसाळा जायचा आणि कुणाचं तरी ॲडमिशन यायचं, कुणाचं तरी लग्न ठरायचं, कुणाला तरी दाखवायला आणायचं असायचं. माझंही लग्न त्याच घरातून झालं. त्यात मामी महिनाभर उभी होती. मी जवळच सिल्व्हर पार्कला राहायला गेले आणि माझ्या सासरचेही तिच्याकडे जेवायला यायला लागले.

नव्वदचं दशक सरता सरता मामी गेली. आजार असा म्हणावा तर नव्हता. सकाळी उठली नाही, एवढंच. तेराव्याला घर माणसांनी फुलून गेलं होतं, बाहेर पायऱ्यांवरही लोक बसले होते. प्रत्येक जण मामीविषयी बोलत होता आणि प्रत्येक जण तिने काय खायला घातलं तेच सांगत होता. घावन, कुळथाची पिठी, कुणाच्या तरी ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलात पाठवलेला डबा. कुणी म्हणालं, इतकं सगळ्यांचं केलं, पण कधी दमले म्हणाली नाही. मामा कोपऱ्यात भिंतीला टेकून ऐकत होते.

जेवणं झाली. गावची माणसं थांबणार होती, कारण मुंबईत आलोच आहोत तर कुणाला डॉक्टरला दाखवायचं होतं, कुणाला भांडी घ्यायची होती. सोफ्यावर गाद्या पडायला लागल्या. कुणीतरी आत डोकावून मला म्हणालं, "शैला, चहा टाकतेस ना?" मी पातेलं गॅसवर ठेवलं, आणि बाहेर मामांचा आवाज आला.

"आता सगळ्यांनी निघा."

लोकांना नीट ऐकू आलं नसावं. बाळूदादा म्हणाले, "काय म्हणतोस?"

"निघा आता. आपापल्या घरी जा. मला दार लावायचंय."

ओरडले नाहीत. उभे राहून, हात जोडून म्हणाले. सगळ्यांत आधी बाळूदादा उठले, त्यांनी आपली पिशवी घेतली. मग एकेक जण उठला. चपलांचा गोंधळ झाला. मी गॅस बंद केला आणि मामांसाठी थांबू का, असं विचारायला बाहेर आले. ते दाराची फळी धरून उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि वाट सोडून बाजूला झाले. मीही बाहेर पडले. मागे कडी लागली.

आम्ही सगळे कंपाउंडमध्ये उन्हात उभे होतो. बाळूदादा म्हणाले, "वैनी असती तर चहा घेतल्याशिवाय सोडलं नसतं." ते खरंच होतं. मग लोक दोघं-दोघं करून स्टेशनकडे निघाले. माझी पर्स आत राहिली होती. मी थोडा वेळ दाराकडे बघत उभी राहिले, पण कडी वाजवली नाही. तशीच चालत सिल्व्हर पार्कपर्यंत घरी आले.